पट्ट्यापलीकडची जागा

तुळशीराम शिकलगार वीसेक वर्षं माझ्या दुकानात येत होता, पण एकदाही बसला नाही. दिंद्रुडच्या पेठेत आमचं लोखंडी सामानाचं दुकान. खिळे, कड्या, साखळ्या, विळे, अडकित्ते असा सगळा कारभार. येणाऱ्यासाठी मी पुढे घोंगडी अंथरून ठेवायचो. तिच्यावर पाटील बसायचे, आमचे जंगम स्वामी बसायचे, पोलीस ठाण्याचे अमीनसाहेबसुद्धा बूट काढून बसायचे. तुळशीराम तेवढा उभा. उभा म्हणजे एका जागी नव्हे. या फळीपासून त्या फळीपर्यंत, तिथून उंबऱ्यापर्यंत, की परत आत. जाता जाता त्याचा अंगठा हाताला येईल त्या वस्तूच्या कडेवरून फिरायचा. विळ्यावरून फिरला तर समजू शकतो. पण त्याचा अंगठा डब्याच्या झाकणावरून, तराजूच्या पारड्यावरून, एकदा तर माझ्या नाकावरच्या चष्म्याच्या काडीवरून फिरला.

"बसा की जरा," मी वैतागून म्हणायचो.

"बसायला का झालं, आप्पा? बसतो की," असं म्हणून तो मागच्या फळीकडे चालायला लागायचा.

मी मुळात चिडका माणूस. गिऱ्हाइकाने यावं, पाहिजे ते घ्यावं आणि वाटेला लागावं, एवढीच माझी अपेक्षा. तुळशीराम यायचा, काही घ्यायचा नाही आणि मालाला नावं ठेवून जायचा. "ह्या विळ्याला पानी बराबर दिलं न्हाई," तो भर गिऱ्हाइकांसमोर सांगायचा. मी दात ओठ खायचो. पण चार महिन्यांनी तोच विळा वाकून परत आला की गप्प बसावं लागायचं.

त्याच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत एक केस नव्हता. न्हाव्याचा वस्तरा असो, शिंप्याची कात्री असो, धार लावून झाली की तो ती स्वतःच्या हातावर फिरवून बघायचा. केस सपासप निघाले तर माल बाहेर. उजवा हात अस्वलासारखा आणि डावा तान्ह्या पोराच्या गालासारखा, असा त्याचा एकूण अवतार होता. धार बरोबर लागली हे कसं कळतं, असं कोणी विचारलं की त्याचं उत्तर ठरलेलं. "हाताला इचारा. डोळा फसतो, कान फसतो. हात खोटं बोलत न्हाई."

हुजुरांच्या सालगिऱ्याची, म्हणजे वाढदिवसाची, परेड होती तेव्हाची गोष्ट. अमीनसाहेबांनी आपली मिरवायची तलवार तुळशीरामकडे पाठवली. निरोप स्वच्छ होता, फक्त चकाकी पाहिजे. तुळशीरामने चकाकी दिली. तलवार आरशासारखी झाली. परेडच्या दिवशी साहेबांनी ऐटीत तलवार उपसली, आणि मखमली म्यान कडेने उसवून निम्मं खाली लोंबायला लागलं. माणसं हसू दाबून उभी. संध्याकाळी तुळशीरामला ठाण्यात बोलावणं आलं. मी मध्यस्थ म्हणून गेलतो, कारण साहेब माझ्या घोंगडीवर बसणारे.

"कावून बे, तुला धार सांगितली होती का मी?" साहेब गरजले.

"न्हाई साहेब. पर लोखंड हातात आलं आन् बिनधारेचं परत दिलं, आसं मला जमंना." एवढं बोलून तो पुढे झाला, टेबलावरच्या तलवारीवरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे वळून समाधानाने म्हणाला, "हाय आजून."

साहेब बघतच राहिले. मग त्यांना हसू आवरेना, म्हणून सुटलो. नाहीतर दोघांचीही वरात निघाली असती.

हा अस्वस्थ माणूस एकाच ठिकाणी बसायचा, ते म्हणजे त्याच्या चाकापाशी. लाखेत कुरुंदाच्या कठीण दगडाची भुकटी कालवून त्याने ते स्वतः घडवलं होतं. परातीएवढं, काळंभोर. चाकाच्या आसाला चामड्याची वादी गुंडाळलेली, आणि वादीची दोन टोकं समोर बसलेल्या माणसाच्या दोन हातांत. ते समोरचं माणूस म्हणजे त्याची बायको, सोजरबाई. तिने उजवं टोक ओढलं की चाक इकडे फिरायचं, डावं ओढलं की उलटं तिकडे. इकडे फिरताना तुळशीराम पातं टेकवायचा, तिकडे फिरताना उचलायचा. खर्र, गप्प. खर्र, गप्प. त्यांच्या घरावरून जाताना तो आवाज यायचा आणि आपली पावलंही नकळत त्या तालावर पडायची. बावीस वर्षं ती दोघं अशी समोरासमोर बसली. दोन मुली झाल्या, मोठ्या झाल्या, एक मांजरसुंब्याकडे दिली, एक गंगाखेडकडे. चाक चालूच होतं. सोजरबाई कामात एक शब्द बोलायची नाही. हात वादीला आणि नजर पात्यावर.

एका वर्षी दिवाळीनंतर माझ्या बायकोने मला सांगितलं, "सोजरबाई रोज सकाळी माझ्याकडे येते. अंबाडा बांधून घ्यायला."

"तिला बांधता येत नाही?"

"हात वर जात नाही तिचा. खांदा गेलाय. कुणाला सांगू नका म्हणाली."

मी कोणाला सांगितलं नाही. पण आठ दिवसांनी तुळशीराम दुकानात आला, आणि त्या दिवशी त्याचा अंगठा कशावरूनच फिरला नाही. नुसत्या येरझाऱ्या. मी हिशेबाची वही बाजूला ठेवली.

"आप्पा, मानसाबिगर फिरनारं चाक कुटं मिळंल?"

"कावून?"

"वैद्य म्हनला, आजून एक सुगी हिनं वादी वढली, तर हात लोंबतोय. घास सुदिक तोंडाला न्यायचा न्हाई." तो उंबऱ्यापर्यंत गेला आणि तिथूनच, माझ्याकडे पाठ करून म्हणाला, "मी रोज समोर बसत हुतो. मला दिसलं न्हाई. मी पात्याकडं बगत हुतो."

ज्वारीची काढणी दोन-अडीच महिन्यांवर होती. म्हणजे पंचक्रोशीतले सगळे विळे त्याच्या दारात येणार. त्याआधी यंत्र मिळालं तर सोजरबाईचा हात वाचणार होता, नाहीतर नाही. इतकी सरळ गोष्ट. मला वाटलं, आठ दिवसांत काम उरकेल. पण मी तुळशीरामला ओळखत असूनही ओळखलं नव्हतं.

पहिलं यंत्र मीच माजलगावहून आणवलं. फळीला घट्ट बसवायचं, हाताने दांडा फिरवायचा, की छोटं दगडी चाक गरगरा फिरणार. तुळशीरामने दांडा दोनदा फिरवला आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच ते घडवलंय.

"ह्यात मपला एक हात आडकला. दुसऱ्या हातानं विळा धरू का तुमचं धोतर धरू?"

"दांडा दुसऱ्या कोणी फिरवायचा."

"म्हंजी परत तिनंच?"

मी ओशाळलो आणि यंत्र परत पाठवलं.

दुसरं एका सुताराकडे होतं. मोठा गोल दगड, खाली पायाने दाबायची फळी, वर पाण्याची गळती. मला फार पसंत पडलं. तुळशीरामने सोबत आणलेला जुना विळा त्या दगडावर टेकवला, जरा वेळाने उचलला आणि पातं ओठाला लावलं. ही त्याची परीक्षा होती. धार लावताना पातं किती तापतं ते तो ओठाने बघायचा, कारण पातं तापलं की पोलादाचं पाणी उतरतं आणि मग विळा मऊ पडतो. ते पातं थंड निघालं. मी खूश झालो. पण त्याने मग दगडाला कान लावल्यासारखं वाकून ऐकलं, चारही बाजूंनी फिरला, परत पाय मारला.

"लंगडतोय."

"कोण?"

"दगड. एका कुशीला मऊ हाय. साल दीड सालात आंड्यावानी व्हईल."

तिथून परत येताना बैलगाडीत मी त्याच्याशी बोललो नाही. महिना उलटला होता. रोज सकाळी माझ्या घरी अंबाडा बांधला जात होता आणि हा गडी दगडाची कूस बघत होता. शेवटी न राहवून मी ओरडलोच, "अहो, बाईचा हात चाललाय तिकडं! घ्या की कुठलं तरी!"

तो चालत्या गाडीतून खाली उतरला आणि उरलेली वाट पायी चालला. मला नंतर फार वाईट वाटलं. पण चूक कबूल करायची माझी जीभ नाही.

तिसऱ्याची बातमी त्यानेच आणली. घाटनांदूरला स्टेशनाजवळ सरकी काढायचा कारखाना होता, तिथलं जुनं सामान काढणार होते. आम्ही गाडी जुंपून दोन दिवसांनी पोचलो. कारखान्याच्या मागच्या खोलीत ते यंत्र उभं होतं. दोन लाकडी चाकं, एक वर, एक खाली. त्यांच्यावर ताणलेला हातभर रुंद चामड्याचा पट्टा. पट्ट्यावर सरसाने कुरुंद चिकटवलेला, मांजराच्या जिभेसारखा खरखरीत. पूर्वी ते इंजिनावर फिरायचं. इंजिन बंद असताना काम अडू नये म्हणून तिथल्या मिस्त्रीने खाली एक लांबलचक फळी बसवली होती, ती पायाने दाबली की पट्टा सरसर धावायचा. फळी इतकी लांब की अलीकडून दाबा नाहीतर पलीकडून.

तुळशीरामने आधी कुऱ्हाड टेकवली, मग गाडीच्या चाकावरच्या लोखंडी धावेचा तुकडा, मग विळा. प्रत्येक वेळी ओठाला लावून बघितलं. पट्टा काढून उलटा केला, शिवण तपासली, परत चढवला. जेवणाची वेळ टळली. मिस्त्री तापट होता. "अबे, नवरी बघायलास का मशीन? घेणार का न्हाई?"

"दमा जरा," तुळशीराम म्हणाला, आणि खोलीबाहेर जाऊन रुळांच्या कडेने पार सिग्नलपर्यंत चालत गेला. मी आणि मिस्त्री एकमेकांकडे बघत बसलो. तो परत आला तेव्हा घामाने निथळत होता.

"आप्पा, ह्ये चांगलं हाय. ह्याच्यात खोट सापडंना." असं म्हणताना त्याचा चेहरा एवढा उतरला होता की मला काही उमगेना. चांगली वस्तू मिळाल्यावर कोणी असं तोंड करतं?

यंत्र दिंद्रुडला आलं. जुनं चाक त्याने पोत्यात गुंडाळून भिंतीला ठेवलं. सोजरबाईची बसायची जागा रिकामी झाली. तिला तो सारखा म्हणायचा, "तू पड घडीभर. आता तुजं काम न्हाई." ती पडायची नाही. चुलीपाशी बसून पट्ट्याकडे बघायची.

आणि मग घोटाळा झाला. पहिल्या पंधरा दिवसांतच विळे परत यायला लागले. धार होती, पण सरळ नव्हती. पात्यावर बारीक बारीक लाटा. वैरणीच्या हिरव्या धाटातसुद्धा विळा अडखळायचा. दिंद्रुडमध्ये असं कधी झालं नव्हतं. लोक तोंडावर काही बोलायचे नाहीत, पण विळे तेलगावला जायला लागले. तुळशीरामने पट्टा ताणला, सैल केला, कुरुंद नवा लावला, चाकांचे आस काढून घासले. लाटा जाईनात. तो दिवसातून चार वेळा दुकानात यायचा, काही न बोलता दोन चकरा मारायचा आणि निघून जायचा. एकदा स्वतःचा उजवा हात डोळ्यांसमोर धरून म्हणाला, "ह्यो खोटं बोलायलाय, आप्पा." मला त्याच्याकडे बघवेना.

शेवटी त्याने ठरवलं. मशीन परत घाटनांदूरला, आणि जुनं चाक पोत्याबाहेर. काढणी आठ दिवसांवर आली होती. त्याचा निर्णय मला सोजरबाईनेच अंबाडा बांधायला आल्यावर सांगितला, आणि वर म्हणाली, "मी वढीन. तेंची इज्जत जायला नगं."

माझं डोकंच फिरलं. ऐन सकाळी दुकान उघडं टाकून मी त्यांच्या घरी निघालो, चार शब्द सुनवायच्या तयारीने. तुळशीराम घरी नव्हता, गाडी बघायला गेलता. पण यंत्र चालू होतं. पट्ट्याचा एकसारखा, न तुटणारा आवाज येत होता. आत सोजरबाई तुळशीरामच्या जागी बसली होती. पाय फळीवर, दोन्ही कोपरं गुडघ्यांना टेकवलेली, म्हणजे खांद्याला काही करायलाच नको. हातात विळा. मला बघून ती दचकली आणि पदर सावरला.

मी विळा घेऊन त्याच्यावरून अंगठा फिरवला. तुळशीरामइतकं मला कळत नाही, पण आयुष्य लोखंडात गेलंय. एकही लाट नव्हती.

"वहिनी, हे कसं?"

तिने फळीवरचा पाय काढला. मग खाली बघत म्हणाली, "तेंचा हात उचलतो, आप्पा. बावीस वर्सं उचलला. माजं डावं टोक आलं की हात वर. आता पट्टा उलटा फिरत न्हाई, पर हाताला कुटं ठावं हाय? तो आपला वाट बगतो, आन् उचलतो. मपल्या हाताला ती सवय न्हाई. मी नुसती बगत हुते."

"मग सांगा ना त्यांना!"

"नगं, आप्पा. तेंच्या जिवाला लागंल. तुमीबी सांगू नगा."

मी सांगितलं नाही. मी फक्त तो विळा उचलला आणि तुळशीरामने लावलेल्या विळ्यांच्या ढिगात वरच ठेवला. याला लबाडी म्हणायची तर म्हणा.

तुळशीराम गाडी घेऊन आला. दारात बैल थांबले. आत आल्या आल्या सवयीने त्याचा अंगठा ढिगावरून फिरायला लागला, आणि वरच्याच विळ्यावर थांबला. मग परत एकदा, मुठीपासून टोकापर्यंत. त्याने पातं डाव्या हातावर फिरवलं. त्या दिवसांत वस्तरे येणं बंद झालं होतं म्हणून हातावर बारीक लव उगवली होती. ती साफ निघाली.

"ह्यो मपला न्हाई," तो म्हणाला.

सोजरबाई चुलीकडे तोंड करून उभी. तिच्या लुगड्याच्या ओच्यावर कुरुंदाची काळी भुकटी पडली होती. ती त्याला दिसली. त्याने विळा खाली ठेवला आणि तो बाहेर पडला. मी मागे गेलो नाही. पेठेतल्या लोकांनी नंतर सांगितलं की त्याने गावाला तीन फेऱ्या घातल्या. वेशीपासून मारुतीपर्यंत, मारुतीपासून ओढ्यापर्यंत, कोणी हाक मारली तर ओ नाही. गाडीवाला दारात ताटकळत बसलेला. सोजरबाई आत रडत होती आणि मी बाहेर उभा राहून स्वतःलाच शिव्या देत होतो.

ऊन डोक्यावर आल्यावर तो परतला. गाडीवाल्याला म्हणाला, "जा बाबा, काम न्हाई." आत गेला आणि पट्ट्याच्या पलीकडे, सोजरबाईच्या जुन्या जागी जाऊन बसला. लांब फळीवर पाय ठेवला.

"ये," तो म्हणाला.

ती हलेना.

"ये की. विळं पडल्यात किती. तू लई वढलंस. आता मी वढतो."

त्या सुगीत दिंद्रुडचे सगळे विळे सोजरबाईने लावले, आणि तुळशीरामने ते लपवलं नाही. उलट येईल त्याला सांगायचा. न्हाव्याने कुरकुर केली, बाईच्या हातचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गळ्यावर कसा फिरवू म्हणून. तुळशीराम म्हणाला, "मंग माज्या गळ्यावर फिरव आधी." न्हाव्याने फिरवला आणि त्यानंतर ब्र काढला नाही. सवय मात्र कुठे जाणार? पाय फळी दाबायचा आणि तुळशीरामचा रिकामा उजवा हात दर खेपेला गुडघ्यावरून वर उचलला जायचा. सोजरबाई पात्यावरची नजर न काढता म्हणायची, "हात ठिवा खाली." तो ठेवायचा. थोड्या वेळाने परत वर. घाटनांदूरला त्याचा चेहरा का उतरला होता, ते मला तो हात बघून कळलं. खोट सापडली असती तर त्याला बरंच वाटलं असतं. समोरची जागा रिकामी करायची म्हणजे काय, ते त्याला सिग्नलपर्यंत चालताना आधीच कळून चुकलं होतं.

पुढे आम्ही दुकान घाटनांदूरला हलवलं. निघायच्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो. मला गहिवरून आलं होतं आणि ते दिसू नये म्हणून मी पट्ट्याच्या शिवणीला नावं ठेवत होतो. दोघंही पिकली होती. तुळशीराम पाय मारत होता, सोजरबाई वस्तरा लावत होती. तुळशीरामच्या डाव्या हातावर आता केस होते, पांढरे, दाट.

तिने वस्तरा पट्ट्यावरून उचलला. तुळशीरामने पाय थांबवला, बाही वर सारली आणि डावा हात पट्ट्याच्या वरून तिच्यापुढे धरला. तिने वस्तरा त्या हातावर टेकवला आणि मनगटाकडून कोपराकडे हळूहळू फिरवला. पांढरे केस पट्ट्यावर पडत होते. मी वीस वर्षं ज्याला बसा बसा म्हणत आलो होतो तो माणूस श्वास रोखून बसला होता, आणि त्याचं एक बोटही हलत नव्हतं.